एका टायमाला एकच

गाडीला हात लावायच्या आधी मामा उजव्या हाताचं बोट वर करायचे. ऑइलनं कायमचं काळं पडलेलं ते बोट गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "एका टायमाला एकच." शिरूरच्या बायपासजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांना मामाच म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, हे एका वेळी एकच गिऱ्हाईक घेतात. तसं नव्हतं. एका वेळी गाडीतली एकच गोष्ट बदलायची, असा त्यांचा नियम होता.

मी रांजणगावला कंपनीत शिफ्टवर आहे. चार वर्षांपूर्वी मी एक जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली, मातीत उड्या मारायची. का घेतली ते बायकोला सांगता आलं नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. गार असली की वीस-पंचवीस किका मारल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. चालू झाली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कधी बंद पडायची, तर कधी आपोआप किंचाळत सुटायची. एकाच गाडीला दोन उलटे रोग कसे, हे माझ्या डोक्यात शिरेना.

पहिल्या दिवशी मामांनी फक्त प्लग बदलला. गाडी पाच किकांत चालू झाली, पण आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, टिकेना.

"आजचं झालं," मामा म्हणाले. "उद्या ये."

"मामा, कार्बोरेटरपण आताच उघडू की."

"आन् मग कशानं बरी झाली ते कोण सांगणार?"

मला धीर कुठला. त्याच संध्याकाळी घरी मी कार्बोरेटर काढला, त्यातला पेट्रोल सोडणारा जेट बदलला, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलमधलं ऑइलही कमी केलं. गाडी एकदम ठणठणीत. दुसऱ्या दिवशी मिरवत गॅरेजवर नेली.

मामांनी डोळे मिटून आवाज ऐकला. "ब्येस हाय. कशानं?"

"ते... एकूणातच."

"एकूणात नावाचा पार्ट हाय व्हय ह्यात?"

त्यांनी सगळं जुनं परत बसवायला लावलं. चार दिवस शिफ्ट सुटली की मी त्यांच्यासमोर एकेक वस्तू बदलत होतो आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होतो. शेवटी दोष माझ्या कुठल्याच वस्तूत निघाला नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबराला बारीक चीर होती. मामांनी चालू गाडीत रबरावर साबणाचं पाणी सोडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. तिथून नको ती हवा आत जात होती. घरी कार्बोरेटर बसवताना मी त्या रबराची क्लिप जोरात आवळली, म्हणून चीर तेवढ्यापुरती मिटली होती.

"उडी मारली असतीस की चीर उघडली असती," मामा म्हणाले. "तू अ‍ॅक्सिलरेटर सोडला असतास तरी गाडी पळतच राहिली असती."

त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो.

गेल्या वर्षी मामांचे हात थरथरायला लागले, शब्द सापडेनात. मुलगा दौंडला नोकरीला. त्याचा बापावर जीव होता, म्हणून त्यानं माझ्यासारखीच घाई केली. एका आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं, मामा दौंडला गेले, डॉक्टर बदलला, तंबाखू सुटली, चहातली साखर गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते कॉटवर भिंतीकडे बघत बसले होते. जेवण नीट जात नव्हतं. मला बघून त्यांनी बोट वर केलं. ते हलत होतं.

"एकदम सगळंच बदललं रे," ते म्हणाले. "आता कशानं बिघडलं, कसं हुडकायचं?"

मला रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं. ठरवलं की एक तरी जुनी गोष्ट परत बसवायची. पुढच्या रविवारी गाडी घेऊन गेलो आणि अंगणात चालू केली. मामा बाहेर आले. "आयडल खाली हाय," म्हणाले, आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून स्क्रू फिरवला. संध्याकाळी सुनेचा फोन आला, मामांनी अख्खी भाकरी खाल्ली. मी दर रविवारी जायला लागलो. मामा एकदाच म्हणाले, "मला गॅरेजवर ने."

मी त्यांच्या मुलाला सांगितलं, गाडीनं मामा सुधारतायत, त्यांना गॅरेजवर नेऊ. तो म्हणाला, "दादा, गाडीचं काही नाही. त्याच आठवड्यात नवी गोळी सुरू झालीय, तिचा गुण आहे."

आता गोळी की गाडी? मला खरंच कळेना. पण हुडकायचं कसं, ते मामांनीच शिकवलं होतं. एक गोष्ट काढून बघायची. गोळी बंद करणं माझ्या हातात नव्हतं. एका रविवारी मी गेलो नाही.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. मामा सकाळपासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते आणि जेवले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. मी लगेच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी घेऊन येतो शिरूरला."

गुरुवारी पहाटे मामा झोपेतच गेले.

दहाव्याला सून माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्या रविवारी मी त्यांना म्हटलं, मामंजी, आज काही गाडी येत नाही, जेवून घ्या. तर म्हणाले, तो कायतरी तपासत असंल. आन् बोट वर केलं."

"काय म्हणाले?"

"तेच, एका टायमाला एकच. मग ताट बाजूला सारलं."

त्यांना सगळं कळलं होतं, की ते नुसतं सवयीनं बोलले, हे मी अजून हुडकतो आहे. गाडी आता पहिल्या किकला चालू होते आणि आयडलला छान टिकते. त्यांनी फिरवलेल्या स्क्रूला मी हात लावलेला नाही. रविवार उजाडला की मी ती माझ्या घराच्या अंगणात चालू करतो आणि बाजूला उभा राहतो.