माडीवरच्या माशांचं पाणी

टाकीच्या तळाशी गाळ साठतो ना, तसे आमच्या मासेवाल्या मंडळींचे किस्से साठलेत. एक उपसायला घेतला की बाकीचे आपोआप वर येतात! मंडळी म्हणजे आम्ही तिघंच. मी, गल्लीतले दिनकर टेलर आणि पलीकडच्या नलूबाई मास्तरीण. मंगळवार पेठेत मासे म्हटलं की लोक आधी मसाला विचारायचे. आमचे मासे बघायचे होते, खायचे नव्हते, हे पटवण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

माझ्या काचेच्या टाक्या माडीवर. एंजलफिश, ब्लॅक मोली, गोल्डफिश. पाण्याचा हौद खाली अंगणात. मधे उभा लाकडी जिना. दर आठवड्याला टाक्यांतलं निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे बादल्या वाहायच्या. मी वाहायची! कुणाच्या बापाची मदत मागितली नाही.

पण एकदा जिन्यावर पाणी सांडलं आणि त्यावरनं आमच्या सासूबाई बसल्या बसल्या खाली आल्या. मोडलं काही नाही, पाय मुरगळला. झालं! संध्याकाळी आमच्या ह्यांनी कायदा काढला, "आजपासनं जिन्यावर बादली दिसली, की टाक्या घरातनं बाहेर!"

हे कचेरीत हेडक्लार्क. कायदा केला की माघार नाही. मी पण सांगून टाकलं, "बादली दिसणार न्हाय. पंप बसवून दावते!"

सातवीतनं शाळा सुटलेली बाई मी. पंपाचं काय कळत होतं? काही नाही. म्हणून काय झालं! कळून घेतलं.

---

पहिली गोष्ट, पाणी किती उंच चढवायचं ते मोजायला हवं. दिनकर टेलर गळ्यात टेप घालून हजर. हौदाच्या तळापासून माडीच्या खिडकीपर्यंत त्यांनी माप घेतलं, ब्लाउजचं घ्यावं तसं, वर शिलाईला दोन बोटं सोडून!

मग त्यांच्या डोक्यात आलं, की टाकीतलं घाण पाणी नळी लावून ओढलं की आपण होऊन अंगणात येतं, मग अंगणातलं वर का येणार नाही? माडीवर बसून नळी तोंडात धरली आणि लागले ओढायला. मी खालनं ओरडतेय, "चढतंय, चढतंय! ओढा अजून!" त्यांचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पाणी कमरेएवढं चढलं आणि थबकलं.

नळी टाकून टेलर खिडकीतनं म्हणाले, "वैनी, माप घ्यायला बोलावलंसा की जीव घ्यायला?"

---

माझा धाकटा भाऊ बाळू नृसिंहवाडीकडचा, ऊसवाला. त्याला बातमी लागली. "अक्का, पंपासाठी तू दुकानं हिंडायचीस? मग मी कशाला हाय?" म्हणून पठ्ठ्यानं टेम्पोत घालून मळ्यावरचं डिझेल इंजिन आणलं!

अंगणात इंजिन सुरू झालं. धूर एवढा की नलूबाई दोन घरं सोडून पळत आल्या, आग लागली म्हणून. माडीवर मी एक रिकामं घमेलं ठेवलेलं, नशीब टाकीत पाइप घातला नाही! पाणी आलं ते घमेलं घेऊनच पलीकडच्या भिंतीवर गेलं. टेलर पाइपाला लोंबकळतायत, पाइप त्यांना नाचवतोय, आणि खाली हौद बघता बघता कोरडा!

ओलेचिंब टेलर म्हणाले, "वैनी, ह्यानं मासं बदलत्यात, पाणी न्हाय!"

बाळू अजिबात वरमला नाही. माडी बघून म्हणाला, "अक्का, आता पाणी मुबलक हाय. दोन सऱ्या ऊस लावून टाक."

---

मग नलूबाईंनी ओळखीच्या रॉकेल दुकानातनं पिंपावरचा हातपंप आणला. दांडा फिरवा, पाणी चढवा! आम्ही तो शिकेकाईनं धुतला, राखेनं घासला, उन्हात वाळवला. पहिली तांब्याभर धार मी नाकाशी धरली. स्टोव्हच! ते पाणी सरळ गटारीत ओतलं.

सासूबाई पाय शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मासं शिजवायचं असलं तर रॉकेल खालच्या स्टोव्हात घालत्यात. पाण्यात न्हवं!"

---

शेवटी मी दुकान गाठलं. तोवर कॅटलॉग आणून, पोरांची डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले होते. इंग्रजी अक्षरं मी पंपांच्या पाट्यांवरनं शिकले, सांगायला लाज कसली! 'हेड' म्हणजे डोकं नव्हे, पंप पाणी किती उंच ढकलतो ती उंची, हे मला पाठ झालं होतं.

दुकानदार म्हणाला, "वैनी, मालकांना पाठवा. मशीनरीचं काम हाय."

"मालकांना मासं कळत न्हाईत आणि तुम्हाला गिऱ्हाईक. बसा खाली, मी सांगते ते ऐका!"

त्यानं मोठा पंप पुढं केला. मोठा घेतला की चिंता नाही म्हणे. मी म्हटलं, मला माडीवर धबधबा नको. उंची एवढी, वळणं दोन, म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचा द्या. माडीवर पाइपाच्या टोकाला कॉक द्या, धार बारीक करता आली पाहिजे, माझी एंजलफिश म्हणजे नाजूक बाई हाय.

दुकानदारानं पंप बांधला आणि हळूच विचारलं, "एंजलफिश म्हणजे सूनबाई का?"

---

पंप बसला. सगळी गल्ली अंगणात. मी हौदातल्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह बघतेय, तेवढ्यात ह्यांनी पुढं होऊन बटण दाबलं. पंप नुसता घुमतोय, थेंब नाही! आत पाणी भरून हवा काढल्याशिवाय तो ओढत नाही, आणि मी तेच करणार होते. पण ह्यांना मान हवा ना उद्घाटनाचा!

हे लगेच, "बघ, फसवलं तुला."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "पावणं दारात आलं तर आधी पाणी देत्यात का कामाला जुंपत्यात? पाज की त्याला पाणी!"

तांब्यानं पाणी पाजलं, झाकण आवळलं, बटण दाबलं आणि माडीवरनं टेलरांची आरोळी, "आलं! वैनी, आलं!" मी जिना कसा चढले आठवत नाही. बोटाएवढी शांत धार, आणि मोलीची पिल्लं त्या धारेशी खेळतायत! जिना कोरडा ठणठणीत. कायदा पाळून मी जिंकले होते!

---

खंडेनवमी आली. ह्या दिवशी हत्यारं पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. विळी, ह्यांची सायकल आणि यंदा पंप! सासूबाईंनी त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बजावलं, "उद्या सोनं लुटूपतोर ह्याच्या बटणाला कुणी हात लावायचा न्हाय."

दुपारी टेलर धावत खाली आले. त्यांच्या मशीनलाही सुट्टी, म्हणून ते माडीवर मासे बघत बसलेले. "वैनी, एंजल वर येऊन तोंड वासत्यात!"

बघते तर टाकीचं पाणी ताकासारखं पांढरं, आणि तळाला पुरणपोळीचा अख्खा घास! मी फिरून बघितलं. हे भिंतीकडं तोंड करून उभे.

"मासं बी घरचंच की," हे पुटपुटले. "म्हटलं, निवद..."

घाण पाणी मी नळी लावून सोडलं. पण वर ताजं आणायचं कसं? पंप माळ घालून बसलेला. बादली उचलली तर टाक्या बाहेर. एंजलची जोडी आडवी व्हायला लागलेली.

सासूबाई मुरगळलेला पाय ओढत जिन्याच्या तळाशी आल्या. हौदातनं बादली भरली आणि ह्यांच्यापुढं आदळली.

हे दचकले. "आई, पण जिन्यावर बादली... आणि आज सुट्टी..."

सासूबाई म्हणाल्या, "सुट्टी पंपाला हाय. तुला कुणी दिली?"