तिरडी बांधणारे आनंदराव

हिंदी मुलखातल्या त्या हुडको वसाहतीत कुणाच्याही घरी माणूस गेला की पहिलं बोलावणं आनंदरावांना जायचं. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवून निवृत्त झालेला हा माणूस मूळ गोंदियाकडचा, बौद्ध. बांबू किती लांब घ्यायचे, गाठ कुठे मारायची, हे त्यांच्या हातांना पाठ. कुणबी असो, तेली असो, तेलुगू असो, चौतीस वर्षं त्यांनी तिरड्या बांधल्या.

मग समाजासमाजाच्या समित्या निघाल्या. जिची तिची शववाहिनी, जिचा तिचा व्हॉट्सअॅप ग्रुप. निवडणूक आली की पुढारी प्रत्येकीला वेगळे भेटत, मतं किती ते विचारत आणि समाजभवनाला जागा कबूल करून जात. आनंदरावांच्या मुलानं, नागसेननंही बौद्धांची एक समिती काढली.

श्रावणात सुखराम गेले. बावीस वर्षं ते आणि आनंदराव एकाच पाळीत, एकाच डब्यात जेवलेले. आनंदराव लगोलग पोचले आणि अंगणात बसून बांबू जुळवायला लागले. सुखरामांचा मुलगा प्रवीण त्यांच्या समाजाच्या समितीचा सचिव होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुमी बसा. समाज के लड़के हैं ना, ते करून राहिले."

"तुह्या बापाची तिरडी मी नाई बांधणार त कोन बांधंल?"

"लोक पाहून राहिले, काका. समझो ना."

त्यानं त्यांच्या हातातला बांबू काढून घेतला. दारात सुखरामांच्या पत्नी सिंधुताई उभ्या होत्या. आनंदरावांनी तिकडे पाहिलं, तशी त्यांनी मान खाली घातली. पोरांनी तिरडी सैल बांधली. उचलताना ती एका अंगाला कलली.

आठव्या दिवशी सिंधुताई आल्या. आत काही आल्या नाहीत.

"भाऊ, तेरवीले येऊ नका. प्रवीण वार्डातून पार्षदाच्या निवडणुकीले उभा राहून राहिला."

"बरं," आनंदराव म्हणाले.

त्या गेल्यावर नागसेन म्हणाला, "मी कवापासून सांगून राहिलो, बाबा. अपने लोग ही काम आते हैं."

आनंदरावांना त्याचं म्हणणं खोडून काढायचं होतं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी नागसेनच्या समितीच्या फॉर्मवर सही केली.

दिवाळीनंतर एका सकाळी घरांच्या मागच्या ओळीतली हर्षा धावत आली. रडून डोळे सुजलेले.

"काका, बाबा गेले. घरी कोनीच नाई."

आनंदराव उठले, पायात चपला सरकवल्या आणि उंबऱ्याशी थांबले.

"तुमी लोक कोन्या समाजाचे?"

प्रश्न कळायला हर्षाला वेळ लागला. मग तिनं सांगितलं. आनंदरावांनी चष्मा लावला, मोबाईलमध्ये त्या समाजाच्या अध्यक्षाचा नंबर शोधला आणि कागदावर लिहून तिच्या हाती दिला.