लाकडी सांगाड्याची मोटार

"धीरे से खोलो मॅडम. दरवाजा नीचे गिर रा क्या?" फोनवरून युसूफभाई विचारत होते.

मी गाडीचं दार हळूच उघडलं. ते चांगलं बोटभर खाली बसलं. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, आता दाराखालच्या पत्र्याला अंगठ्याने दाबून बघा. मी दाबलं. पत्रा आत गेला आणि खालून पिवळसर भुगा गळला. लाकडाचा भुगा. वाळवी लागलेल्या चौकटीतून गळतो तसा.

मोटारीतून लाकूड गळताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

मी मोटार सर्व्हेयर आहे. अपघात झाला की गाडीचं किती नुकसान झालं ते बघायचं, किंवा जुन्या गाडीची आज बाजारात काय किंमत येईल ते ठरवून सही करायची, हे माझं काम. परभणी जिल्ह्यात हे काम म्हणजे मुख्यतः ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, पिकअप आणि दुचाक्या. ट्रॉली कशी उलटली हे मी मोडलेल्या हूककडे बघून सांगू शकते. पण गंगाखेडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली वस्तू माझ्या ओळखीची नव्हती.

ती ब्रिटिश बनावटीची रोडस्टर होती. रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, बिनछपराची मोटार. लांब नाक, तारांची चाकं, मागे उघडी पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर बांधलेली स्टेपनी. दारांना काचा नाहीतच. पाऊस आला तर कापडी हूड ओढून घ्यायचा. दारंही आपल्या गाड्यांच्या उलट उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. समोरची काच स्क्रू ढिले केले की पुढे आडवी पाडता येते, म्हणजे वारा सरळ तोंडावर. पन्नासच्या दशकातली गाडी. लाल रंग, पॉलिश केलेला क्रोम. कंपनीचं नाव लिहीत नाही, मालकांना तसं कबूल केलंय.

ही गाडी गंगाखेडच्या एका डॉक्टरांनी तरुणपणी हैदराबादच्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. आजूबाजूच्या खेड्यांत ते तिच्यातूनच पेशंट बघायला जायचे. आदल्या वर्षी ते वारले. मागे दोन मुलं. थोरले प्रकाशराव, गंगाखेडलाच कॉन्ट्रॅक्टर. धाकट्या विजयाताई, सोनपेठच्या शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. वाटणी अशी ठरली होती की घर भावाला आणि मोटार बहिणीला. दोन्हींची किंमत सारखीच आहे असं प्रकाशरावांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना माझं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट हवं होतं. ते मिळालं की विजयाताई घरावरच्या हक्कसोडपत्रावर सही करणार होत्या. म्हणजे मी आकडा जास्त लिहिला, तर त्या बाईंचं अर्धं घर जाणार होतं.

प्रकाशरावांनी मोबाइलवर परदेशातल्या जाहिराती काढून ठेवल्या होत्या. हीच गाडी, हाच रंग, आणि खाली भलामोठा आकडा.

"मॅडम, आमी काय खोटं लिहा म्हणायलोत का?" ते म्हणाले. "जगात जो भाव हाय तोच लिहा."

मी ऑफिसला, आमच्या देशमुख सरांना फोन लावला. सर म्हणाले, आपण ट्रॅक्टर बघणारी माणसं, फोटो काढा, नेटवरच्या भावात थोडी काटछाट करा आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं, सर, मला या गाडीतलं काही कळत नाही. ते म्हणाले, "तर मग ज्याला कळतं त्याला विचारा. पण सही आपली असणार, हे ध्यानात ठेवा."

परभणीत एका स्पेअर पार्टवाल्याकडे मी नेहमी जाते. त्याने हैदराबादच्या युसूफभाईंचा नंबर दिला. जुन्या इंग्रजी गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांची माझी ओळख ना पाळख. तरी त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखं मला फोनवरून गाडीभोवती फिरवलं. या गाडीचा पत्रा लोखंडाच्या नाही, लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, हे त्यांनीच सांगितलं. वरून रंग कितीही मारा, आतलं लाकूड गेलं की दार खाली बसतं.

मग त्यांनी इंजिनचा नंबर वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. इंजिनचा फोटो मागवला. शेवटी म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला, फी द्यायची माझी ऐपत नाही. ते म्हणाले, फीचं कोण बोलतंय, अशी गाडी शेवटची कधी पाहिली तेच आठवत नाही.

आणि खरंच आले. रेल्वेने, हातात हत्यारांची एक चामडी पिशवी घेऊन. मी त्यांना गंगाखेड स्टेशनवर घ्यायला गेले. वाटेत त्यांनी चहा पाजू दिला, तेवढाच.

शेडमध्ये प्रकाशराव होते आणि सोनपेठहून विजयाताईही आल्या होत्या. युसूफभाई आधी गाडीभोवती नुसतेच फिरले. मग चष्मा पुसून खाली वाकले. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सरळ होता आणि त्याचा नंबर कंपनीच्या पाटीशी जुळत होता. मीटर सगळे मूळचे. स्टिअरिंग उजव्या हाताला. अशा बहुतेक गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या बनून अमेरिकेला गेल्या, उजव्या हाताची मिळणं अवघड, असं त्यांनी सांगितलं. प्रकाशरावांचा चेहरा खुलला.

मग युसूफभाईंनी बॉनेट उचललं आणि मला जवळ बोलावलं. इंजिन या गाडीचं नव्हतंच. आपल्याकडच्या एका जुन्या देशी मोटारीचं होतं. काम उत्तम झालेलं, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर' बघतात. कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आज आहे का, एवढाच त्याचा अर्थ. ते नसेल तर भाव पडतो. त्यात लाकूड खाल्लेलं. त्यात परदेशातला भाव इथे लागत नाही, कारण गाडी उचलून तिकडे नेणं सोपं नाही आणि इथे घेणारे मोजकेच. हे सगळं धरून मी माझा आकडा सांगितला. प्रकाशरावांच्या आकड्याचा तो तिसरा हिस्सा होता.

प्रकाशराव चिडले. कुणीतरी मधल्या काळात इंजिन चोरून बदललं असेल, अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, असलं काही केलंच नसतं, तुम्ही दोघं मिळून भाव पाडायला आलात, असं बरंच बोलले. युसूफभाई मान खाली घालून हात पुसत राहिले.

"दादा, अप्पांनीच बदललं," विजयाताई म्हणाल्या. "मी होते की गाडीत."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या आणि दादा औरंगाबादला हॉस्टेलवर. राणीसावरगावला एक बाई अडली होती म्हणून अप्पा निघाले, हट्ट करून याही बसल्या. बाळंतपण नीट झालं. परत येताना इंजिनमध्ये मोठा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. त्या बाईच्या सासऱ्याने बैलजोडी आणली आणि गाडी ओढत गंगाखेडपर्यंत आणली. विजयाताई स्टिअरिंग धरून बसल्या होत्या आणि अप्पा बैलांपुढे चालत होते. इंजिन फुटलं होतं आणि विलायती पार्ट मिळायची सोय नव्हती. पेशंट तर थांबणार नव्हते. अप्पांनी नांदेडहून देशी इंजिन आणून बसवलं आणि आठवड्याभरात पुन्हा खेड्यांकडे निघाले.

प्रकाशरावांनी विचारलं, "मग सही करायला कशी तयार झालीस तू? माहीत होतं तर?"

"मला गाडी पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "आन् तुझ्याशी भांडायचं नव्हतं."

प्रकाशराव शेडबाहेर नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटलं आता आपल्याला निघा म्हणतील. परत आले ते सरळ माझ्याकडे.

"मॅडम, तुमी तुमचाच आकडा लिहा. इंजिनचंबी लिहा, वाळवीचंबी लिहा." मग बहिणीकडे न बघताच म्हणाले, "घर दोघांच्या नावावर राहील. गाडी तुझीच हाय, विजू."

विजयाताई चहा टाकायला घरात गेल्या.

इतक्या वर्षांच्या नोकरीत कमी आकडा लिहा म्हणणारा गाडीमालक मला तोवर भेटला नव्हता. रिपोर्ट मी तिथेच, शेडमधल्या खाटेवर बसून लिहिला. एकेक ओळ युसूफभाईंनी ऐकली आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. फी विचारली तर म्हणाले, तुमच्याकडची ज्वारी चांगली असते म्हणतात. प्रकाशरावांनी अर्धं पोतं आणून दिलं. ते स्टेशनवर माझ्या गाडीतून उतरवताना युसूफभाईंना मुळीच जड वाटलं नाही, मलाच वाटलं.

पुढे ती मोटार ट्रकवर घालून हैदराबादला गेली. युसूफभाईंनी नवा लाकडी सांगाडा करून दिला. इंजिन मात्र विजयाताईंनी तेच ठेवायला लावलं. त्याच कंपनीचं इंजिन मिळवता येईल, भावही थोडा वाढेल, असं युसूफभाईंनी सांगून पाहिलं, पण त्या ऐकेनात. मध्यंतरी गंगाखेड-सोनपेठ रस्त्यावर त्या मला त्याच मोटारीतून समोरून येताना दिसल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, शेजारी प्रकाशराव दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलेले. मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता हळूहळू येत होता.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले की कळत नसलेल्या वस्तूपुढे उभं राहिल्यावर 'मला कळत नाही' हे लगेच सांगावं. सांगितलं की शिकवणारं माणूस मिळतं, कधी कधी हैदराबादहून स्वतःच्या तिकिटावर येतं. आमच्या रिपोर्टमध्ये चेसिस, इंजिन, टायर, रंग सगळ्याला जागा असते. आभाराला नसते. म्हणून इथे लिहिलं.