शिंदे सरांची कार्बनची चाकं

रविवार, सकाळी सव्वासात. डोंगरगणच्या उतारावर शिंदे सरांच्या सायकलचं पुढचं चाक दगडावर आपटून दुमडलं. सर बाभळीत.

मी तीस वर्षं नगरमध्ये बातमीदारी केली. त्यात जमले नाहीत एवढे किस्से आमच्या पाच जणांच्या सायकल ग्रुपनं दोन वर्षांत जमवले. निम्मे तर या चाकाचेच!

सर गणित शिकवतात. वहिनींनी त्यांच्या कपाळावरचे टाके पाहिले आणि निकाल दिला, "आणखी एकदा चाक मोडलं की सायकल भंगारात!"

म्हणजे सरांना न मोडणारं चाक हवं होतं. तेही मास्तरला परवडणारं.

*

चौकशी माझ्याकडे आली. पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला.

"कार्बनची रिम घ्या. ॲल्युमिनियमसारखी वाकत नाही."

"आणि दगडावर जोरात आपटली तर?"

"तर फुटते."

"अहो, मग दणकट कशी?"

"वाकत नाही ना!"

मंत्र्यांनीसुद्धा मला इतकं गोल फिरवलं नव्हतं. दुसऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ते चालवणाऱ्यावर आहे." फोन ठेवला तेव्हा मला आधीपेक्षा कमी कळत होतं.

*

रिमला आरे बसवायची भोकं अठ्ठावीस हवीत की बत्तीस, यावर केडगावच्या चहाच्या टपरीवर वाद पेटला. आमच्यात पंक्चर कुणी काढायचं हेसुद्धा हात वर करून ठरतं. अठ्ठावीसला तीन हात, बत्तीसला दोन. ठराव मंजूर! दोन्ही चाकांच्या रिमची ऑनलाइन ऑर्डर गेली.

रिम आल्या. बाळू मिस्त्रीनं सरांच्या जुन्या चाकाच्या मधला हब हातात घेऊन फिरवला. "सर, याला तर बत्तीस भोकं हायेत."

चाक महिनाभर सरांच्या गॅलरीत पडून होतं. पाचांपैकी एकानंही भोकं मोजली नव्हती! गणिताचे सर पुटपुटले, "पण बहुमत..."

बाळू म्हणाला, "हब मतदानाला आला नव्हता, सर."

नवे हब आणावे लागले. स्वस्त रिम तिथंच महाग झाली.

*

बाळूनं रिम एका बोटावर तोलली. "सायेब, लई हलकी हाय. माल भरायचा राहिला का काय?"

मी विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, "कमी वजन हेच आमचं वैशिष्ट्य."

बाळू म्हणाला, "मग रिकामं खोकं धाडलं असतं तर आनखी वैशिष्ट्य!"

*

चाकं बांधली. सर तीन महिने डोंगरगण चढले-उतरले. चाक सुतासारखं सरळ! वहिनीही म्हणाल्या, "आता बिनघोर जा."

मग एके दिवशी बाळूनं पुढच्या रिमच्या आतली टेप बदलायला काढली. खाली चिनी अक्षरांची एक ओळ.

"हे काय?" मी विचारलं.

"कंपनीचं नाव आसंल. बांधतानाच दिसलं हुतं."

आसंल? मी मोबाईलचा कॅमेरा धरला. स्क्रीनवर मराठी उमटलं: 'प्रदर्शनाचा नमुना. चालवू नये.'

सरांनी ते दोनदा वाचलं. बाळूनं मागची रिम उघडली. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. दोन्ही एकाच खोक्यातून आलेल्या.

मी तिथंच विक्रेत्याला फोटो पाठवला. विचारलं, "यातली चालवायची कोणती?"

त्यानं फोटो पाहिल्याची निळी खूण लगेच आली. त्याला आज नऊ दिवस झाले.