दात घासायची घाई

परदेशीपुऱ्यात माझं लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप आहे. लोखंडाचा जादा भाग दिसला की मला चैन पडत नाही, हात आपोआप कानशीकडे जातो. नऊ वर्षांच्या लेकीच्या वरच्या पुढच्या दाताला मागच्या बाजूने पक्ष्याच्या नखासारखा एक सुळका निघाला, तेव्हाही मला वाटलं, हे तर दहा मिनिटांचं काम. सुळका खालच्या दातांना अडायचा. पोळी तोडताना ती मान वाकडी करायची.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा दात क्वचितच दिसतो. "काकाजी, सुळक्याच्या आतपर्यंत नस गेलीय. एकदम घासला तर नस उघडी पडेल, दात मरेल. थोडं घासू, मग दोन महिने रुकू. तेवढ्यात दात आतून भिंत जाड करतो."

दोन महिने! त्यांनी कणभर घासलं, वर औषध लावलं आणि घरी पाठवलं. मी रोज लेकीला आ करायला लावायचो, टॉर्च मारून बघायचो, कुरकुरायचो. दुसऱ्या खेपेलाही कणभरच. बायको म्हणाली, "दात तिचा, अन् बेचैनी तुम्हाला." मी कुठला ऐकतोय! जेवताना पुन्हा तेच, दहा मिनिटांचं काम, माझ्याकडे दिला असता तर एव्हाना सपाट झाला असता.

एका रविवारी लेक बेसिनच्या आरशासमोर उभी दिसली. हातात माझी सगळ्यात बारीक कानस.

"हे काय चाललंय?"

"तुम्हीच तर बोलले ना पप्पा, दस मिनट का काम है. चार दिवस झाले करतेय. आता झिणझिण होतंय."

मी तिच्या हातातून कानस काढून घेतली. रागवायला तोंड उघडलं, पण रागवणार कुणावर? सोमवारी दवाखाना उघडायच्या तासभर आधीच मी तिला घेऊन पायरीवर जाऊन बसलो.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बर्फासारखा गार कापसाचा बोळा घेतला. "हा दाताला लावते. काहीच कळलं नाही तर नस गेली समजा. कळ येऊन लगेच थांबली, तर वाचलो."

बोळा टेकला. लेक गप्प. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"आई गं!" ती ताडकन उठून बसली.

"थांबली कळ?"

"हो."

मी मोठ्याने हसलो. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पप्पा, मला दुखलं अन् तुम्ही हसता?"

मी तिची माफी मागितली. हसल्याबद्दल मागतोय, असंच तिला वाटलं.