मोझेसकाकांचा दारफाळणीचा सण

वर्षातून एकदा मोझेसकाका आमच्या गल्लीत दारोदार फिरून माफी मागत. मी मोताळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून नवा आलो, तेव्हा माझ्याही दारात उभे राहिले. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे हे ड्रेसर, हातांना फिनाइलचा वास.

"मास्तर, सालभरात माह्या हातून काही चुकलं असन तं माफ करा."

"अहो, मले येऊन आठच दिवस झाले!"

"मंग आठ दिवसांचं करा."

काकांना जाऊन आता सहा महिने झाले. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. नोकरीनं इकडे आणून टाकलं आणि चाळीस वर्षांत बोली पार वऱ्हाडी झाली. मोताळ्यात दुसरं यहुदी घर नव्हतं. त्यामुळे दारफाळणीच्या सणाला, म्हणजे घराचं दार लावून, निर्जळी उपास करून दिवसभर प्रार्थना करायच्या दिवशी, ते ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जात. मला नसत्या चौकशांची खोड. दिवसभर तिथे करता तरी काय, म्हणून विचारलं.

"चुकांची यादी म्हनतो. एकेक चूक, छातीवर मूठ मारून. सगळ्यांनी सगळी म्हनायची."

"जी चूक आपण केलीच नाही, ती काऊन म्हणायची?"

"बाजूवाल्यानं केली असन ना! त्याले एकट्याले लाज वाटते. आपुन आवाज लावला का त्याचा आवाज त्यात झाकून जाते."

मी बरीच कीर्तनं ऐकली आहेत, पण पापाची अशी सोय कुठे ऐकली नव्हती.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ठाणं सुटलं. काका खचलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. सामुदायिक प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात. मी उत्साहानं म्हटलं, गल्लीतून दहा जण आणतो! ते हसले.

"तुमी पन्नास आनसान, पन चालत नाही. यादी एकट्यानं म्हनता येते. पन कोनासाठी म्हनू? बाजूले तं कोनीच नाही. नुसती पोपटपंची होईन."

त्यावर त्यांनीच तोड काढली. माफी मागायला आले ते काठी टेकून प्रत्येक घरी बसलेच. "माह्यं झालं. आता तुमचं काही असन तं सांगा, मी म्हनतो." लोक आधी हसले. मग शेजारच्या वत्सलाबाईंनी सुनेला टोचून बोलल्याचं सांगितलं आणि डोळ्याला पदर लावला. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात थोरल्या भावानं एकट्यानं सगळं केलं. मी परीक्षेची खोटी ड्यूटी सांगून घरी अमडापूरला गेलोच नाही. सात वर्षं झाली, भावाशी बोलणं नाही.

सण नेमका दसऱ्याला आला. संध्याकाळी गल्ली सोनं द्यायला निघाली, तर काकांचं दार बंद. एका नव्या भाडेकरूनं कडी वाजवायला हात उचलला, तो वत्सलाबाईंनी धरला. आतून अनोळखी भाषा आणि छातीवर मूठ पडल्याचा आवाज येत होता. आम्ही आपट्याची पानं घेऊन ओट्यावर बसलो. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्यात माझीही एक चूक आहे हे ठाऊक होतं.

चांदण्या दिसल्यावर दार उघडलं. काका पांढऱ्या कपड्यांत, ओठ सुकलेले, चेहरा मात्र खुललेला.

"म्हटलं बरं सगळ्यांचं! जलमभर यादी म्हनत आलो. कोनती ओळ कोनाची, हे आजच ठाऊक होतं."

मी सोनं पुढे केलं. त्यांनी माझी मूठ मिटवली.

"देवापाशी तुमचं बोललो, मास्तर. मानसाची माफी त्या मानसालेच मांगा लागते. ते माह्या हातात नाही. हे भावाले द्या."

दसऱ्याचं सोनं कोजागिरीपर्यंत चालतं, अशी पळवाट मला सुचली होती. तरी दुसऱ्या सकाळी पहिल्या बसनं निघालो. दादा अंगणात सोयाबीन वाळत घालत होता. त्यानं मान वर केली.

"दादा, बाबांच्या वेळी मी खोटं बोललो. ड्यूटी नव्हती मले."

दादानं हात झटकले आणि पानं घेतली.

"मले तवाच मालूम होतं बे. तुह्या शाळेत फोन केला होता. तू कवा सांगतं, याचीच वाट पाहून राह्यलो होतो."