डोक्यावर माती घेऊन

खऱ्याखोट्याच्या कागदांत माझी सगळी नोकरी सरली आणि आता मला दोन्हींचा कंटाळा आलाय. हे लिहितोय तेही कुणी मला बरं म्हणावं म्हणून नाही. फार वर्षं उरात घेऊन हिंडलो, आता उचलवत नाही, एवढंच.

निजामाच्या अमदानीची शेवटची वर्षं होती. निलंग्याजवळच्या आमच्या गावात दोन चुलतभावांचा शेताच्या बांधावरून वाद पेटला. ओढ्याला पूर येऊन मधला बांध वाहून गेला होता. थोरला म्हणे काठची पट्टी माझी, धाकटा म्हणे माझी. अशा वादाला आमच्याकडं एक रीत होती. ज्याचा शब्द गाव मानतं अशा माणसानं अंघोळ करून, ओलेत्यानं, त्याच शेतातली माती डोक्यावर घेऊन चालायचं. तो चालेल तो बांध. खोटं चालला तर वर्षाच्या आत त्याच्या घरावर संकट येतं, असं सगळे मानत.

पंचांनी माझ्या वडिलांना बोलावलं. आबांनी लहानपणी त्याच रानात गुरं राखली होती, आणि खोटं रचायला जी हुशारी लागते ती त्यांच्यात नावाला नव्हती. ओढ्याकाठच्या बाभळीवर नजर ठेवून ते सरळ चालत गेले. पट्टी थोरल्याकडं गेली.

वर्ष पुरं व्हायच्या आत माझा धाकटा भाऊ तापानं गेला.

गाव तोंडावर काही बोललं नाही. पण आबा चावडीवर गेले की गप्पा थांबायच्या. तेही सोसलं असतं. मायनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते मला बघवेना. ती भाकरी वाढायची, तांब्या ठेवायची आणि पाठ फिरवायची. आबा एकदाच म्हणाले, "म्या खरं चाललो गं." मायनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि तिथून उठून गेली.

मी तेव्हा निलंग्याच्या कचेरीत उर्दू कारकून होतो. कागद दाखवला की माणसाचं समाधान होतं, असं मला त्या वयात वाटायचं. मी जुन्या मोजणीचा उर्दू नकाशा शोधून काढला, त्याची नक्कल केली आणि जुम्म्याच्या सुट्टीत गावी आलो. मायला म्हणालो, "आज मोजून येतो. मग तरी आबांशी बोलशील ना?" तिनं मान हलवली.

दोरी घेऊन दोनदा मोजलं. आकडा बदलेना. नकाशातली रेघ आबा चालले तिथून पंधरा पावलं थोरल्याच्या बाजूला होती. पट्टी धाकट्याचीच होती. आणि त्या रेघेच्या टोकाला, ओढ्याकाठी, बाभळीचा एक कुजलेला खुंट होता. आबांच्या लहानपणीची बाभूळ ती. ती कधीतरी वाळली आणि पंधरा पावलांवर दुसरी वाढली. आबांनी ह्या नवीलाच जुनी समजून डोक्यावर माती घेतली होती. खोटं ते चालले नव्हते, पण बांधही तो नव्हता. मी त्या खुंटावर बसून राहिलो. आधी आबांचा राग आला, मग त्या झाडाचा, मग माझ्या उर्दूचा.

घरी आलो तर माय सुपात ज्वारी निवडत होती. आबा ओसरीवर होते.

"मोजलं का?"

"मोजलं. आबा चालले तिथंच बांध हाय."

"तिळभर बी इकडं तिकडं न्हाई?"

"न्हाई."

तिचा हात सुपात थांबला. "म्हंजी त्यायचं काई बी चुकलं न्हाई."

"काईच न्हाई, माय."

ती हळूच म्हणाली, "मंग माझं लेकरू कशापायी गेलं रे?"

मी तिला तिचा नवरा परत द्यायला निघालो होतो. नवऱ्याचं खोटं हाच तिचा एकमेव आधार होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पोर गेलं त्याला काहीतरी कारण होतं, ते मी काढून घेतलं. आणि तेही खोटं बोलून.

त्या संध्याकाळी तिनं आबांना विचारलं, "मीठ बरं हाय का?" आबा नुसतेच हो हो म्हणत राहिले.

पट्टी थोरल्याकडंच राहिली. धाकटा भेटला की मला रामराम घालायचा आणि मी मान खाली घालून पुढं जायचो.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. आबांशी शेवटपर्यंत चांगली बोलली. देवापुढं दिवा मात्र तिनं पुन्हा कधी लावला नाही.